जीपला दिलेलं आवतन

वर्ध्याहून परत येऊन मला महिना झाला. भेटेल तो आश्रमाचं विचारतो. सेवाग्राम मी पाहिलं. तिथल्या कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं, सगळं मनात भरलं. पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते एका जुन्या जीपबद्दल आणि तिच्या चालकाबद्दल. त्या चार दिवसांत मी एका भल्या माणसावर आळ घेतला. ते सांगितल्याशिवाय बाकीच्या गमतीजमती सांगायला माझी जीभ उचलत नाही.

माझं काम क्षयाच्या लशीच्या मोहिमेतलं. गावोगाव जायचं, लोकांच्या हातावर एक बारीक सुई टोचायची आणि चौथ्या दिवशी परत जाऊन ती जागा पाहायची. सुजली नसेल त्यालाच लस. चौथा दिवस चुकला की सगळं वाया, आणि एकदा फसलेलं गाव पुन्हा हात पुढे करत नाही. म्हणून आमच्या कामात डॉक्टरइतकीच गाडी महत्त्वाची. आमची गाडी म्हणजे लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेली जीप. टप फाटलेला, आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली.

चालक होते दौलतराव. नागपूरचे, पन्नाशीकडे झुकलेले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी अशाच गाड्या चालवल्या होत्या. तिथून आल्यावर आठ वर्षं सायकलींची पंक्चरं काढली आणि आता दोन महिन्यांपूर्वी पुन्हा स्टिअरिंग हाती आलं होतं. ते गाडीला 'थो' म्हणत, म्हणजे 'तो'. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, वझं वाहते त्याले बाई कसं म्हणावं?"

निघताना आमच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. दौलतरावांच्या आधीचा चालक पेट्रोल विकून टाकीत घासलेट मिसळताना सापडला होता. साहेब म्हणाले, "गाडी अडली तर डोळे उघडे ठेवा. दोष यंत्राचा की माणसाचा, ते परत आल्यावर मला लिहून द्या. माणसाचा असेल तर त्याच दिवशी त्याला घरी पाठवतो." मी मान डोलावली. मला वाटतं, बिघाड तिथूनच सुरू झाला होता.

आंजीच्या पुढे, पहिला दिवस

आंजी मोठी या गावापर्यंत रस्ता बरा होता. पुढे काळी माती. आमच्या सातारा भागातला चिखल पायाला लागतो आणि झटकला की सुटतो. इथला चिखल चाकाला धरला की चाकच दुप्पट होतं. दर अर्ध्या मैलावर दौलतराव उतरून फळीने तो खरवडत. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मध्येच तुरीच्या ओळी आणि समोर सागाच्या टेकड्या. आभाळ दिवसभर अंगावर वाकलेलं.

गावाच्या अलीकडच्या नाल्यात एक बैलगाडी रुतली होती. गाडीवान म्हातारा गोंड, सोनबा. जुवाच्या एका बाजूला त्याचा पांढरा बैल उभा होता आणि दुसऱ्या बाजूला कुणाचातरी मागून आणलेला खोंड. खोंडाने जोर लावायचं साफ नाकारलं होतं. सोनबाच्या जोडीतला दुसरा बैल आषाढात गेला होता. हे त्याने आम्हाला सांगितलं ते पाण्याकडे पाहत, हळू आवाजात.

दौलतरावांनी बैल सोडवले, दोर काढला आणि जीपच्या मागच्या आकड्यात अडकवला. दुसरं टोक ते आसाला बांधणार तेवढ्यात सोनबा म्हणाला, "जुवाले बांधा भाऊ. ज्या बाजूनं माहा बईल गेला, त्या बाजूनं." आसालाच बांधणं शहाणपणाचं, पण दौलतरावांनी वाद घातला नाही. जुवाच्या रिकाम्या बाजूला दोर पडला, जीप गुरगुरली, आणि गाडी चिखलातून उपसून वर आली. सोनबा बराच वेळ जीपकडे बघत उभा राहिला.

गावात सुईचं नाव काढताच लोक मागे सरले. सोनबा पुढे आला आणि त्याने बाही वर केली. "याहीनं माही गाडी काढली. हे काऊन वाईट करतीन?" त्याच्यामागून सगळा गाव आला. त्या दिवशी मी एकशे सातव्या हाताला सुई लावली तेव्हा दिवस कलला होता.

आमच्याकडे बैलांचा सण बेंदूर, तोही आषाढात. म्हणून यंदाचा सण होऊन गेला अशा समजुतीने मी आले होते. इथे श्रावणी अमावास्येचा पोळा दुसऱ्या दिवशी होता आणि ती संध्याकाळ खांदशेकणीची होती. वर्षभर जुवाखाली सोलवटलेले बैलांचे खांदे लोण्याहळदीने शेकायचे. पळसाची पानं त्यात बुडवून घरधनी खांदा चोळतो, आणि बैलाच्या कानाशी म्हणतो, "आज आवतन घेजो, उद्या जेवाले येजो." पाहुण्याला द्यावं तसं रीतसर आवतन. असं बैलाला कुणी जेवायला बोलावताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दौलतराव डब्यातून टाकी काठोकाठ भरत होते. सोनबा शेजारी उकिडवा बसून पाहत होता.

"हा इथून खाते का?"

"इथून." दौलतरावांनी सीट उचलून त्याला टाकीचं तोंड दाखवलं, झाकण लावलं आणि आम्ही गावच्या मास्तरांच्या घरी जेवायला गेलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा.

जेवून आलो तो सोनबा जीपपाशी उभा. बॉनेटवर हळद आणि लोणी थापलेलं, वर तेलात कालवलेल्या शेंदराची बोटं, आणि हातात पळसाची पानं. तो वाकून म्हणत होता, "आज आवतन घेजो, उद्या जेवाले येजो."

मला हसू फुटलं. दौलतरावांनी टोपी काढली आणि तो निघून जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. माझं हसू मग मलाच टोचलं.

पोळा

सकाळी लवकर निघालो. टेकड्यांच्या कडेने दुसरं गाव गाठायचं होतं. पाच मैल जीप मजेत चालली आणि खिंडीचा चढ लागताच मलूल झाली. दौलतराव पायाने ॲक्सिलरेटर दाबत होते पण आवाज वाढत नव्हता, उलट घशात अडकल्यासारखा बसत गेला. चढाच्या मध्यावर ती थांबली.

"दम टाकून राह्यला," ते म्हणाले. बॉनेट उघडलं, चारही प्लग काढून काजळी घासली. मग सीट उचलून टाकीचं झाकण काढलं आणि काडी घालून पेट्रोल पाहिलं. ती त्यांची सवयच होती. कुठेही थांबलं तरी पेट्रोल पाहायचे. झाकणावरही शेंदराचा जाड लपका होता.

"सोनबाजीनं इथंबी लावला," ते म्हणाले. पुसायला फडकं हातात होतंच, पण त्यांनी ते दुसरीकडे वळवलं. देवाचं म्हणून लावलेलं पुसायला हात धजत नाही. माझाही धजला नसता.

झाकण लावून जीप सुरू केली तर ती घोड्यासारखी चढली. "पलग होते," दौलतराव समाधानाने म्हणाले.

पाच मैलांनी पुन्हा तेच. या वेळी त्यांनी पेट्रोल गाळणारी काचेची वाटी उघडली. तळाशी चिमूटभर गाळ होता. तो धुतला, पेट्रोल पाहिलं, निघालो. "वाटी होती," ते म्हणाले, पण आधीइतकं ठासून नाही. मी वहीत लिहीत गेले: कुठे अडली, काय केलं, किती चालली. हातावरची सूज लिहून ठेवायची सवय, तीच इथे लावली.

असे चार थांबे झाले. त्या गावी पोचलो तेव्हा वेशीवरचं पोळ्याचं तोरण तुटून बैल घरोघर परतत होते. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, आणि दारोदार बायका त्यांचे पाय धुऊन पुरणपोळी भरवत होत्या. आम्हालाही वाढलं. आमच्याकडे पोळीवर तूप घालतात. इथे तुपाच्या वाटीत पोळी बुडवून खातात. मला एरवी दोन पोळ्या डोंगर वाटतात, त्या दिवशी चार खाल्ल्या. दौलतरावांनी एकच खाल्ली आणि ते जीपखाली जाऊन झोपले, म्हणजे पाठीवर निजून इंजिन न्याहाळत राहिले.

सेलूच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी सेलूच्या शाळेत सुया लावायच्या होत्या, आणि चौथ्या दिवशी सोनबाच्या गावी परत. जीप अशीच चालली तर ते गाव हातचं जाणार होतं. एकशे सात हात. आणि साहेबांचं वाक्य माझ्या डोक्यात घण घालत होतं.

वर्धा मागे टाकून सेलूच्या रस्त्याला लागलो. रस्ता सपाट, चढ नावाला नाही, तरी पाच मैलांनी दम गेला. दौलतरावांनी पंप तपासला, कार्बोरेटर सोडून त्याच्या बारीक नळ्या फुंकल्या, हवा गाळणारा डबा धुतला. हाताला पेट्रोल लागून कातडी पांढरी पडली होती. पुन्हा पाच मैल, पुन्हा तीच रड.

गाडीचं मला काही कळत नव्हतं. जे कळत नव्हतं त्याच्या जागी मी जे ऐकलं होतं ते बसवलं.

"दौलतराव," मी म्हटलं, "टाकीत पेट्रोलच आहे ना? की दुसरं काही घातलंय?"

ते कार्बोरेटरवर वाकले होते. सरळ व्हायला त्यांनी वेळ घेतला. चेहऱ्यावर राग असता तर बरं वाटलं असतं.

"घासलेट म्हनता?"

मी वहीत डोकं घातलं. ते म्हणजे होच.

त्यांनी बॉनेट तसंच उघडं सोडलं. पेट्रोलची काचेची वाटी काढून आणली, सीट उचलली आणि झाकण फिरवलं. मी अगदी जवळ उभी होते. फूं करून आवाज झाला, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह सुटावा तसा, पण उलटा. हवा बाहेर नाही, आत गेली. त्या क्षणी दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी रबरी नळीने वाटीभर पेट्रोल ओढलं आणि माझ्या नाकापुढे धरलं.

"घ्या बाई. वास घ्या."

घासलेट मी लहानपणापासून कंदिलात भरत आले आहे. त्याचा वास मला झोपेतही कळेल. वाटीतलं पेट्रोल स्वच्छ होतं. ते मी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

त्यांनी वाटी जागेवर बसवली, बॉनेट पाडलं आणि जीप सुरू केली. बहुधा मला कुठेतरी पोचवून मोकळं व्हावं एवढंच त्यांच्या मनात असावं. आणि जीप निघाली ती सुसाट.

फर्लांगभर गेल्यावर त्यांनीच ती थांबवली.

"आता तं मी काईच नाई केलं," ते स्वतःशी म्हणाले. "पलग नाई, पंप नाई. मंग चालली कशी?"

मी वही उघडली. प्रत्येक वेळी केलेलं काम वेगळं होतं. पण प्रत्येक वेळी, शेवटी, एक ओळ सारखी होती: पेट्रोल पाहिलं. ती मी सवयीने लिहिली होती आणि त्यांनी सवयीने केली होती. उपाय म्हणून दोघांनीही तिला धरलं नव्हतं. मी वही त्यांच्यापुढे धरली आणि आवाजाचं सांगितलं.

त्यांनी वाचलं. झाकण काढून उन्हाकडे धरलं. झाकणात एक बारीक भोक असतं, पेट्रोल जाईल तशी आत हवा यायला. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेलाची धार धरत नाही, दुसरं पाडावं लागतं, तसंच हे. त्या भोकात लोणी, हळद आणि वर वाळून टणक झालेला शेंदूर बसला होता. टाकी आतल्या आत ओढून धरत होती आणि इंजिन उपाशी मरत होतं. दर वेळी झाकण उघडलं की पाच मैलांपुरता श्वास मिळत होता.

दौलतराव पायरीवर बसले. "खांदा समजून तोंड शेकलं बापानं," ते म्हणाले.

मी केसांतला आकडा काढून दिला. माझ्याकडे न पाहता त्यांनी तो घेतला, भोक मोकळं केलं, फुंकून पाहिलं. आजूबाजूचा शेंदूर मात्र तसाच ठेवला.

"साहेबाले लिहून द्या," ते म्हणाले. "चालकानं झाकन पाह्यलं नाई. चालकाची चूक. सोनबाजीचं नाव नका टाकू, गावाचंबी नाई. हसतीन लोक."

"तुम्हाला घरी पाठवतील."

"पाठवू द्या."

मी माफी मागितली. शब्द नीट लागले नाहीत, पण मागितली. ते म्हणाले, "राहू द्या बाई," आणि इंजिन सुरू केलं. सेलूत त्या दिवशी तान्हा पोळा होता. मुलं लाकडाचे चाकाचे बैल सजवून घरोघर ओढत नेत होती. आमच्याकडे असं काही नसतं. एरवी मी तासभर पाहत राहिले असते. शाळेत चहा आला तेव्हा दौलतराव आपली कपबशी घेऊन जीपकडे गेले. रात्रीचं जेवणही त्यांनी वेगळं घेतलं. तोंडातून गेलेला शब्द काढायला माझ्याकडे कुठला आकडा नव्हता.

चौथा दिवस

सकाळी सेलू सोडलं आणि दुपारी सोनबाच्या गावी वेळेवर पोचलो. वाटेत जीप एकदाही अडखळली नाही. आम्हीही एकमेकांशी दहा वाक्यं बोललो नसू.

लोक हात उघडे करून बसलेच होते. एकशे सातांतले एकशे चार आले. बाकीचे तिघे शेतावरून धावत आले. मी सूज मोजत गेले, लस टोचत गेले. सोनबाचा हात शेवटी आला. टोचून झाल्यावर तो उठला नाही.

"बाई, एक विचारू? मी त्याले आवतन देल्लं. जेवाले काऊन नाई आला?"

मला उमजायला थोडा वेळ लागला. तो जीपबद्दल विचारत होता. पोळ्याच्या सकाळी आम्ही तिला घेऊन निघून गेलो होतो, आणि आवतन दिलेला पाहुणा ताटावर आलाच नव्हता.

सोनबाची बायको झोपडीतून बाहेर आली. त्याच्याशी गोंडीत काहीतरी बोलली आणि पळसाच्या पानावर ठेवलेली एक पुरणपोळी तिने पुढे केली. पांढऱ्या बैलाला पोळ्याच्या दिवशी एक दिली होती, जीपच्या वाटची ही ठेवली होती; खराब होऊ नये म्हणून रोज तव्यावर शेकून शेकून कडक केलेली. घरात तेवढंच पुरण शिजलं असावं हे त्या एवढ्याशा पोळीवरून दिसत होतं.

सोनबा दौलतरावांना म्हणाला, "उपाशी गेला थो. वाटेत दमला असन."

आता खरं सांगतील, असं मला वाटलं. त्यांच्या दोन दिवसांच्या हालांचं उत्तर समोर उभं होतं, आणि त्यांची नोकरी त्यावर अडकली होती.

"हो सोनबाजी," दौलतराव म्हणाले. "दमला. लय दमला. उपाशी नेला, चूक माहीच."

मग त्यांनी सोनबाला हाताला धरून जीपच्या मागे नेलं आणि दोर बांधला होता तो आकडा दाखवला. "याचा खांदा इथं हाय. तुमची गाडी यानं इथून ओढली. पुढच्या साली शेकसान तं इथं शेकजा. तिकडे त्याचं तोंड हाय, थे मोकळं राहू देजा."

सोनबाने त्या लोखंडी आकड्यावरून हात फिरवला. बैलाची शीर कुठे दुखते ते पाहावं तसा, दाबून. "इथं का," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही.

राहिली पोळी. सोनबा ती घेऊन सीटकडे निघाला होता. दौलतरावांनी ती अलगद त्याच्या हातातून घेतली. "हा माह्या तोंडानं जेवते," ते म्हणाले, आणि सोनबाला ते पटलं.

वर्ध्याला आल्यावर मी साहेबांना लिहून दिलं: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं, चालकाने शोधून मोकळं केलं, यंत्र ठीक, चालक उत्तम. भोक कशाने बुजलं ते लिहिलं नाही. साहेबांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, रस्त्यावर काहीही उडतं. दौलतराव अजून ती जीप चालवतात. इथेही मी गावाचं नाव गाळलं आहे आणि सोनबाचं नाव बदललं आहे, ते दौलतरावांच्या सांगण्यावरून.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, सोनबाच्या अंगणात, जीपच्या पायरीवर बसून दौलतरावांनी ती पोळी मोडली. कडक झाल्यामुळे तिचा आवाज झाला. पहिला घास त्यांनी तोंडात घातला, सोनबाकडे पाहून मान हलवली. मी दूर उभी होते. जवळ जायचा माझा हक्क मी सेलूच्या रस्त्यावर घालवला होता.

"बाई," त्यांनी हाक मारली. उरलेली अर्धी माझ्यापुढे धरली होती. "घ्या. तुमीबी उपाशीच नेला त्याले."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि खाल्ली.